भुईवरचा आळ

नागपंचमीच्या दिवशी भुईला हत्यार लावायचे नाही, नांगर धरायचा नाही, चिरायचे-तळायचे नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. बत्तीस शिराळा हे तर नागाचे गाव. तिथे या नेमांना कोण हलक्याने घेणार? त्यामुळे घराची भुई नीट करायची ती पंचमीच्या आधीच. सोप्यात, माजघरात खड्डे पडले असतील तिथे मुरूम आणि पांढरी माती भरायची, पाणी मारून चोपण्याने ठोकायची, ती बसली की शेणाचा हात फिरवायचा. श्रावणात मोरणा आणि वारणेच्या खोऱ्यात पाऊस हटायचे नाव घेत नाही. सारवलेली जमीन वाळता वाळत नाही, म्हणून उघडीप बघून एका दमात काम उरकायचे.

सारवण म्हणजे शेण फासणे नव्हे. शेण ताजे हवे. शिळे गुठळ्या धरते. त्यातल्या काड्या वेचायच्या आणि पाणी घालत घालत ते धिरड्याच्या पिठाइतके सैल करायचे. मग आतल्या भिंतीपासून सुरुवात करून उंबऱ्याकडे मागे मागे सरकत यायचे. पोतेरे किंवा उघडा तळहात, त्याचा अर्धा फेर, आणि पहिल्या फेराच्या कडेवर दुसरा. थर जाड झाला तर वाळताना पापुद्रे सुटतात, पातळ झाला तर खालची माती डोकावते. चांगल्या हाताच्या बाईने सारवलेल्या जमिनीवर हे फेर वाळल्यावरही मोजता येतात. हिरवट काळा रंग उतरून करडा झाला की पाय ठेवायची मुभा. हे काम दर आठ-पंधरा दिवसांनी, सणावाराला आणि कोणी गेले-आले की वेगळे. सगळे गुडघ्यांवर बसून, आणि बायकांनीच.

या भुईत डोळ्यांना न दिसणारे काय काय राहते, आणि ते माणसाला मारते की तारते, यावर गेल्या सव्वाशे वर्षांत दर पिढीने आपापला निकाल दिला. माझ्या मते बहुतेक निकाल चुकले. जो गुन्हा भुईने केला नाही त्याची शिक्षा तिला झाली, जो केला त्याची चौकशी फार उशिरा झाली, आणि आता जे तिच्या अंगी नाही त्याचेही श्रेय तिच्या नावावर जमा होते आहे.

सारवणाची चाल किती जुनी ते सांगायला फार खोल जायची गरज नाही. मनुस्मृतीत जमीन शुद्ध करण्याचे पाच उपाय दिले आहेत: झाडणे, सारवणे, शिंपडणे, खरवडणे आणि गायी बसवणे. गंमत अशी की यातली शुद्धी ही स्वच्छतेच्या जवळून जाते, पण स्वच्छता नव्हे. मयत झाले, सुवेर फिटले, ग्रहण सुटले की जमीन सारवायची. तिच्यावर घाण आहे की नाही हा प्रश्नच नसे. शिवाय खरा हिशेब धुळीचा होता. मातीची जमीन पायाखाली झिजते, तिची धूळ उडते, पिठात पडते, तान्ह्याच्या डोळ्यांत जाते. शेणातला न पचलेला चोथा आणि चिकटा ती धूळ बांधून ठेवतो. सारवणामागचे एवढे एक कारण पुरेसे होते. जंतू मारण्याचा मान त्याला पुढे, शाळेतल्या पुस्तकांनी आणि व्याख्यात्यांनी बहाल केला.

जंतू ही कल्पना शिराळ्यापर्यंत पोचली ती मृत्यूच्या हातात हात घालून. त्या काळी शिराळा हा सातारा जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्याचा पेटा. दक्षिण सातारा हा जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. तिथून मुंबईतून पळालेली माणसे, धान्याची पोती आणि त्या पोत्यांतले उंदीर यांच्याबरोबर प्लेग देशावर चढला. सातारा जिल्ह्याने त्याचे घाव पुढची कित्येक वर्षे सोसले. याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीचा, सावित्रीबाई फुल्यांचा, रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगने बळी घेतला. देवराष्ट्रे इथे 1913 साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडील प्लेगनेच गेले, तेव्हा यशवंतरावांना नीट समजही आली नव्हती.

अलेक्झांद्र येरसँ यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता. जंतू सापडला, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. सरकारी डॉक्टरांचा कल एका उत्तराकडे होता: प्लेग हा घाणेरड्या जागेचा रोग आहे, तो घराच्या मातीत मुरतो, जमिनीतून वर येतो, अनवाणी पायांच्या भेगांतून शिरतो. आणि एकदा जमीन गुन्हेगार ठरली की पुढचे सगळे ओघानेच आले. मुंबईत घरांच्या जमिनी खणून काढल्या, उजेड आत यावा म्हणून कौले उतरवली, गटारांत आणि भिंतींवर कार्बोलिकचे फवारे मारले, भिंतींना चुना फासला आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर यू. एच. एच. ही तीन अक्षरे रंगवली. पुण्यात हे काम वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीकडे होते. हा रँड आधी साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होता आणि वाईला मिरवणुकीतल्या वाजंत्रीवरून झालेल्या खटल्यामुळे तिथल्या लोकांच्या चांगलाच लक्षात राहिला होता. गोऱ्या सोजिरांनी माजघरात आणि देवघरात शिरून जमिनी उकरल्या. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली त्यामागे अपमानाची यादी मोठी होती. त्या यादीत उकरलेली भुईही होती.

खेड्यातले लोक काय करत होते? मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलत होते, हे खरे. पण त्याचबरोबर एक फार शहाणी गोष्ट करत होते. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून आढ्यावरून खाली येऊ लागले, की गाव मोकळे करून माळावर नाही तर रानात खोपी घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचे. जंतूचा पत्ता कोणाला नव्हता, पिसवेचा संशय कोणाला नव्हता, तरी घर सोडणे बरोबर होते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होतात आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणसाकडे वळतात. घरात माणूसच नसेल तर त्या उपाशी मरतात. पॉल-लुई सिमाँ यांनी हा पिसवेचा दुवा 1898 मध्ये कराचीत दाखवला, तर त्याच सुमारास नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगाने तो जवळजवळ उडवूनच लावला. जमिनीवरचा आळ कायम राहिला.

तो उतरवला दुसऱ्या आयोगाने. 1905 साली मुंबईत कामाला लागलेल्या या संशोधकांचे अहवाल 1906 पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्यातला झोपड्यांचा प्रयोग मला अजूनही एखाद्या गुप्तहेरकथेसारखा वाचावासा वाटतो. त्यांनी सहा छोट्या खोल्या बांधल्या, सगळ्या सारख्या, फरक फक्त छपराचा. पहिल्या दोन खोल्यांवर आपली देशी नळीची कौले, ज्यांच्या पोकळीत उंदीर सुखाने संसार करतात. पुढच्या दोन खोल्यांवर मंगलोरी पद्धतीची सपाट कौले, जिथे उंदराला तितक्या सोयीने बिऱ्हाड करता येत नाही. शेवटच्या दोन खोल्यांवर पत्रा. छपराखाली सगळीकडे जाळी. आत गिनीपिग सोडले. पिसवा असतील तर एका गिनीपिगचा प्लेग दुसऱ्याला होई; पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी प्राणी एकाच जागी खात-पीत, झोपत राहिले तरी साथ पसरत नसे. मग संशयित जमिनीवर पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला नाही. हवेतून येणारे विष असते तर त्याला दोन फुटांची काय मातब्बरी? पण पिसवेची उडी चारेक इंचांचीच. माकडाच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची पट्टी ठेवली तर तेही सुखरूप राहिले.

आणि मग भुई. संशोधकांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि चुन्याच्या जमिनीवर प्लेगच्या जंतूंचे पाणी मुद्दाम ओतले आणि ती किती काळ रोग देऊ शकते ते पाहिले. शेणाची जमीन 48 तासांनंतर निर्धोक झाली, चुन्याची 24 तासांतच. म्हणजे सोजिरांनी उकरलेली भुई बहुतेक वेळा उकरण्याआधीच निर्दोष झालेली होती, आणि रोगाचे खरे बिऱ्हाड डोक्यावर होते, नळीच्या कौलांत, वळचणीला, धान्याच्या बळदाशेजारी. एवढ्या मोठ्या आरोपातून इतकी साफ सुटका फार थोड्यांच्या वाट्याला येते. तरी या निकालाची दवंडी कधी पिटली गेली नाही. चुन्याला मात्र जंतुनाशक म्हणून सरकारी प्रतिष्ठा मिळाली ती कायमची. तशी चुन्याची ओळख या मुलखाला नवी नव्हती. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे आणि कऱ्हाडजवळच्या शहापूरच्या मारुतीला तर चुन्याचा मारुती म्हणूनच ओळखतात.

शिराळ्याबद्दल इथे एक मोह होतो. नाग उंदीर खातो, शिराळ्यात नागाला मारत नाहीत, म्हणून शिराळ्याला प्लेगची झळ कमी बसली असेल, असे म्हणून टाकावेसे वाटते. गोष्ट छान जमते, म्हणूनच तिच्यापासून चार हात लांब राहावे. नाग बिळात आणि बांधावर शिकार करतो. प्लेगचा काळा घरउंदीर आढ्यावर राहतो. आणि एका नागाला आठवड्याला एखाद-दुसरा उंदीर पुरतो, तर उंदराची मादी वर्षातून कित्येकदा विते.

शेणाच्या जमिनीवर प्लेगचा जंतू टिकत का नाही? यात चमत्कार काही नाही. हा जंतू बीजाणू करत नाही, म्हणजे कवच घालून दबा धरून बसायची कला त्याला येत नाही. त्याला ओल, ऊब आणि रक्त हवे. वाळत्या जमिनीवर तो वाळतो. शिवाय शेणात आधीच तोबा गर्दी असते. गवत पचवणारे, चोथा कुजवणारे जीवाणू आणि बुरश्या तिथे मूळच्या रहिवासी, आणि त्यांतले बॅसिलस कुळातले कित्येक जण बीजाणू करून वर्षानुवर्षे तग धरतात. नवख्याला तिथे थारा मिळत नाही. चुन्याचे काम वेगळे: ताज्या चुन्याचा दाहकपणा एवढा जबर की बहुतेक जंतू त्यात होरपळतात. पण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, आणि मग त्याच्यात मारक असे काही उरत नाही.

सडा घातल्यावर किंवा पहिल्या पावसात जो वास सुटतो तोही याच मंडळींचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे, बुरशीसारख्या तंतूंनी वाढणारे जीवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात आणि माणसाचे नाक त्याचा अतिसूक्ष्म अंशही टिपते. या कुळाचा खरा पराक्रम मात्र वासापुरता नाही. 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी याच कुळातल्या एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन काढले. क्षयावरचे ते पहिले खरे औषध, आणि प्लेगवरचेही. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते तयार होऊ लागले. ज्या भुईला प्लेगचे घर म्हणून उकरले, तिच्यात वाढणाऱ्या कुळानेच प्लेगवर औषध दिले, आणि ते औषध पुण्याच्या वेशीवर बनले.

आता भुईचे खरे गुन्हे.

परळच्या प्लेग प्रयोगशाळेतून वॉल्डेमार हाफकिन यांची लस देशभर जात होती. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या नावाने आज ती संस्था ओळखली जाते. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 लोकांना लस टोचली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरी गेली. पुढे चौकशीतून जे बाहेर आले ते असे: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो जाळावर नीट न धरता कार्बोलिकमध्ये बुचकळून पुन्हा वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लढा दिला आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. धनुर्वाताचा जंतू गुरांच्या, घोड्यांच्या आतड्यांत आणि मातीत राहतो, बीजाणू करतो, आणि शेणाच्या जमिनीत तो 48 तासांत मरत नाही, वर्षानुवर्षे वाट बघतो. ज्या भुईवर प्लेगचा खोटा आळ होता, तिच्यातून आलेल्या खऱ्या मारेकऱ्याचा जबाब असा अपघाताने नोंदला गेला.

मलकोवालमध्ये 19 गेले म्हणून जगभर गाजावाजा झाला. घरोघरच्या बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या बाळांची मोजदाद कोणी ठेवली नाही. मातीच्या जमिनीवर बाळंतपण, नाळ कापायला विळा नाही तर कसले तरी पाते, आणि देशाच्या अनेक भागांत नाळेच्या जखमेवर राख किंवा शेण लावायची रीत. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही सातव्या दिवसाच्या आगेमागे दिसतो. पाचवी-सहावीच्या पूजा, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते ती रात्र, त्या रात्रीची जागरणे, ही सगळी भीती कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. गरोदरपणात धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पाते या दोन साध्या गोष्टींनी हा रोग मागे हटवला. माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने भारताबाबत 2015 मध्ये मान्य केले.

दुसरा गुन्हा जंतांचा. याचा सर्वांत चांगला पुरावा आला तो मेक्सिकोतून. तिथल्या सरकारने 2000 सालापासून कोआविला राज्यात गरिबांच्या घरात मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घालून दिला, दुसरे काही नाही. अभ्यासकांनी नंतर शेजारच्या, तशाच पण कोबा न मिळालेल्या वस्तीशी तुलना केली. संपूर्ण घराची मातीची जमीन झाकली गेली तर लहान मुलांतले जंत व इतर परजीवी 78 टक्क्यांनी घटले, जुलाब 49 टक्क्यांनी, रक्तक्षय 81 टक्क्यांनी. मेक्सिकोतली जमीन शेणाने सारवलेली नव्हती हे मान्य. पण रांगणारे मूल, ओली माती आणि जवळपास उघड्यावर शौच, हे त्रिकूट शिराळ्यातही तेच होते. या गुन्ह्याला सोजिरांची गरज पडली नाही आणि कोणी गोळीही झाडली नाही. पोट फुगलेले, माती खाणारे पोर दिसले तर त्याला डिकेमाली द्यायची किंवा दृष्ट काढायची, एवढेच. आज दर फेब्रुवारीत शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी वाटली जाते ती या जुन्या खटल्याचीच शिल्लक बाकी.

मधल्या काळात भिंतींनाही सरकारी हात लागला. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतात, कारवार आणि धारवाडकडे, 1946 पासून हिवतापासाठी घरांत डीडीटी फवारले, 1953 पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. डास मेले, त्याबरोबर पिसवाही मेल्या आणि प्लेग जो ओसरला त्यात या फवाऱ्याचा वाटा होता. फवारणीवाल्यांची एक कायमची कटकट होती: ते भिंतीवर औषध मारून जातात, आणि सण आला की बाई त्यावर माती-शेणाचा पोतारा फिरवून सगळे झाकून टाकते. अहवालांत याला लोकांचे अज्ञान म्हटले जाई. वास लागलेली, पांढरे ओघळ आलेली भिंत दिवाळीत तशीच ठेवायची, ही अपेक्षा कोणत्या घरात चालली असती?

प्लेग पुन्हा दिसला तो 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, आणि तो घरांचाच धडा होता. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक भेदरून पडक्या घरांत धान्य ठेवून बाहेर शेडमध्ये राहिले. रिकाम्या घरांत उंदरांना कोठार मिळाले, असे कारण त्या वेळच्या तपासात पुढे आले. पणजोबा रानात गेले तेव्हा वाचले, नातवंडे बाहेर राहिली तेव्हा प्लेग आला. फरक कोठाराचा.

शिराळ्याच्या बाजूची मातीची घरे मात्र जंतूंमुळे गेली नाहीत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंती किती धोक्याच्या ते दाखवून दिले, 1993 पासून वारणेच्या बाजूलाही धरणी हलत राहिली. मग ऊस आला, दूध संघ आले, मुंबईच्या नोकरीचा पैसा आला, घरकुल योजना आल्या. आधी शहाबादी फरशी, मग कोबा, मग चकचकीत टाइल्स. सन 2000 मध्ये ग्रामविकास मंत्री असलेल्या आर. आर. पाटलांनी, म्हणजे याच जिल्ह्यातल्या अंजनीच्या माणसाने, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा स्वच्छ घराचे चित्र गावोगाव बदललेलेच होते. सारवण सुटले आणि फिनेल आले. माझ्या मते यात हळहळण्यासारखे फार थोडे आहे. ज्या बायकांचे गुडघे गेले त्यांना विचारून बघा. सारवणाच्या वासाने गहिवरणारे बहुधा सोप्यात बसून चहा पीत होते.

फरशी आली तेव्हा जंतू गेले, अशी सर्वांची समजूत. ते गेले नाहीत, बदलले. 2014 मध्ये अमेरिकेतल्या सात कुटुंबांच्या घरांतले, हातापायांचे, दारांच्या मुठींचे आणि जमिनींचे नमुने सहा आठवडे तपासले गेले. घरातल्या पृष्ठभागांवर राहणारे जीवाणू मुख्यतः त्या घरातल्या माणसांच्या अंगावरून आलेले होते आणि कुटुंबाने घर बदलले की नव्या घरात जुने जंतू हटून यांचे जंतू फार थोड्या वेळात बिऱ्हाड करत. भटजी येऊन वास्तुशांत करायच्या आधीच हे सूक्ष्म यजमान गृहप्रवेश उरकून मोकळे. म्हणजे मातीच्या भुईवर माणूस गुरांच्या, गवताच्या, रानाच्या जीवांबरोबर राहत होता. टाइल्सवर तो मुख्यतः स्वतःच्याच जीवांबरोबर राहतो.

हा बदल बरा की वाईट यावर मोठे काम झाले आहे. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1989 मध्ये सतरा हजारांवर ब्रिटिश मुलांच्या नोंदी पाहून म्हटले की घरात भावंडे जास्त तर परागज्वर कमी. बहुधा लहानपणीचे संसर्ग उपयोगी पडतात. पुढे 2016 मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी पंथांची तुलना झाली. दोघांचे मूळ युरोपातले, वंश जवळचा, आहार सारखा. आमिश लोक गोठ्यात हाताने काम करतात आणि त्यांची पोरे तिथेच खेळतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांची, पोरे गोठ्यापासून लांब. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के, हटराइट मुलांत 21. आमिश घरांच्या धुळीत जीवाणूंच्या अंशांचे प्रमाण जवळजवळ सातपट होते. 2019 मध्ये फिनलंड-जर्मनीच्या अभ्यासात तर असे दिसले की शेतावर न राहणाऱ्या घरातही धुळीतले जीवाणू शेतघरासारखे असले तर मुलांना दमा कमी होतो.

लगेच आपल्याकडे निरोप फिरू लागले: बघा, आजी बरोबर होती, शेणाने सारवा. इथे जरा थांबायला हवे. फिनलंड-जर्मनीच्या त्या मुलांना धनुर्वाताची लस मिळालेली होती, घरात संडास होता, नळाला शुद्ध पाणी होते. ती गोठ्यात खेळत होती, गोठ्यात जन्मत नव्हती. शेणाची धूळ घ्यायची असेल तर आधी हे सगळे घ्या. आणि आपल्याकडे चुलीचा धूर त्या धुळीत कालवलेला असे, हेही विसरू नये. आजीचा खोकला तिला सारवणाने बरा करता आला नव्हता. शिवाय शेण तरी तेच कुठे राहिले आहे? गोठ्यात आता बांधून घातलेली जर्सी नाही तर होल्स्टीन, पेंड-सुग्रास खाणारी. तिचे शेण पातळ, चोथा कमी, सारवायला धरत नाही ही गावोगावच्या बायकांची तक्रार. कासदाह झाला की तिला प्रतिजैविके टोचली जातात, आणि शेणातल्या जीवाणूंना त्या औषधांची सवय होते.

जमिनीवरचा आळ मात्र अजून मरत नाही. मार्च 2020 मध्ये शेजारच्या इस्लामपुरात कोविडचे रुग्ण सापडल्यावर पुढच्या काही महिन्यांत या पट्ट्यातल्या गावोगावी ट्रॅक्टरला टाकी जोडून रस्ते, पायऱ्या, दारे, पार सोडियम हायपोक्लोराइटने भिजवण्यात आले. वर्षभरात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने हिशेब मांडला की पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता दहा हजार स्पर्शांत एकाहून कमी. रोग हवेतून येत होता, आणि खिडक्या बंद करून आपण उंबरे धूत होतो. याच्या उलट, ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले, वारणाकाठची शिराळा तालुक्यातली गावे पाण्यात गेली, तेव्हा घराघरांत शिरलेल्या गाळावर ब्लीचिंग पावडर टाकणे अगदी योग्य होते. त्या घरांतले खरे दुखणे महिन्याभराने भिंतींवर काळ्या बुरशीच्या नकाशांतून दिसले. सिमेंटच्या भिंती आतून ओल धरून बसल्या होत्या, आणि वर तेलाचा रंग असल्यामुळे ती ओल बाहेर येत नव्हती. मातीच्या भिंती एक तर पडल्या, नाही तर उन्हात वाळल्या.

12 जानेवारी 2021 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते खादी ग्रामोद्योग आयोगाच्या प्राकृतिक पेंटचे उद्घाटन झाले. शेणापासून केलेला हा रंग जंतुरोधक, बुरशीरोधक असल्याचे सांगितले जाते. तो करताना शेणाचा लगदा दळून, तापवून, त्याचे विरंजन करतात, म्हणजे त्यात जे कोटी कोटी जीव होते ते डब्यात जाण्यापूर्वीच संपलेले असतात. उरतो तो तंतू. रंग म्हणून तो बरा असेल, गावात दोन रोजगार देत असेल, तर तेवढ्यासाठी घ्यावा. शिराळ्यात आजही खरे सारवण बघायचे असेल तर ते गोठ्यापुढच्या अंगणात, तुळशीभोवती आणि भात झोडायच्या खळ्यावर सापडते. तिथे अजून शेण ताजेच लागते, काड्या वेचाव्याच लागतात, आणि हात धुवायला आता शेजारी नळ आणि साबण असतो.